परीक्षेचं वेळापत्रक आणि गुणदानाच्या सूचना शिक्षकांपर्यंत खरोखर पोचतात का?

शाईचीदौत (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी शाळेत गणित शिकवते आणि गेल्या वर्षीपासून परीक्षा विभागाचं काम माझ्याकडे आलंय. बरेच दिवस मनात घोळत होतं ते आज सविस्तर लिहिते, कारण मला तुमची मदत हवी आहे.

आधी काय घडलं ते सांगते. सातवीच्या दोन तुकड्या, दोन वेगळ्या शिक्षिका, घटक चाचणी मात्र एकच. चाचणीला पाच धडे असं ठरलं होतं. नंतरच्या बैठकीत सहावा धडा जोडला गेला. त्या दिवशी 'ब' तुकडीच्या बाई रजेवर होत्या. बदल मी सूचना वहीत लिहिला, ग्रुपवर टाकला, स्टाफरूमच्या फलकावरही लावला. वहीत त्या बाईंची सहीसुद्धा आहे. पण त्या पानावर चार सूचना होत्या आणि सही तास बदलताना, दारात उभ्याउभ्या झाली होती. ग्रुपवर माझ्या निरोपाच्या पाठोपाठ वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या आणि तो वर सरकून गेला. फलकावरचा जुना कागद काढायचा राहिला. नवा त्याच्याच शेजारी. दोन्हींवर एकच शीर्षक, तारीख एकावरही नाही. बाईंनी जुना कागद बघून वर्गात अभ्यासक्रम लिहून दिला. यात त्यांची काहीच चूक नव्हती.

चाचणीच्या दिवशी त्याच वर्गावर माझं पर्यवेक्षण होतं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी चौथ्या प्रश्नापाशी थांबली. पेन खाली ठेवलं, पान उलटून मागची बाजू पाहिली, परत पुढे आली. मग हात वर करून अगदी हळू म्हणाली, "बाई, हे आम्हाला शिकवलंच नाहीये." मी मान हलवली आणि जे येतंय ते लिही म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. तोवर मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली होती.

४० गुणांपैकी १० गुणांचा प्रश्न तो. नंतर त्या तुकडीसाठी तो वगळून ३० पैकी मिळालेले गुण ४० वर नेले. कागदावर सगळं जुळलं. पण त्या प्रश्नापाशी मुलांची जी पंधरा मिनिटं गेली ती कशी भरून काढणार? दोन तुकड्यांची तुलना करायलाही मग अर्थ उरला नाही.

ही झाली वेळापत्रकाची आणि अभ्यासक्रमाची गोष्ट. गुणदानाचं दुखणं याहून खोल आहे. "पायऱ्यांना गुण द्यावेत" एवढी एक ओळ आम्ही दर वर्षी सूचनांमध्ये छापतो. या वर्षी मी एका मुलाचं उत्तर, नाव झाकून, आम्हा चौघी गणिताच्या शिक्षिकांपुढे ठेवलं. उदाहरण ३ गुणांचं: ३/४ + १/६. मुलानं लिहिलं होतं: ९/१२ + २/१२ = १०/१२ = ५/६. छेद बरोबर, रूपांतर बरोबर, बेरजेत एक चुकला, पुढचा संक्षेप परत बरोबर. आम्ही चौघींनी एकमेकींना न विचारता गुण लिहिले. एकीनं ०, एकीनं १, दोघींनी २. चौघीही पायऱ्यांना गुण देणाऱ्या! ज्या बाईंनी शून्य दिलं त्यांचं म्हणणं, बेरजेच्या उदाहरणात बेरीजच चुकली तर गुण कशाचे द्यायचे. त्यांचा मुद्दा मला विचार करण्याजोगा वाटला, पण तो या आधी कधी बोललाच गेला नव्हता. एकाच इयत्तेतली मुलं कोणत्या बाईंकडे वही जाते त्यावर दोन-दोन गुण गमावत होती.

तेव्हा विचारायचंय ते हे: तुमच्या शाळांत वेळापत्रक, त्यातले बदल आणि तपासण्याची पद्धत शिक्षकांपर्यंत कशी नेता? सही घेतली म्हणजे कळवलं, हे मला आता पटत नाही.

---

उलटगणती

ताई, चांगला विषय काढलात. वेळापत्रकाबद्दल लिहितो, ते काम मी बरीच वर्षं केलंय.

बहुतेक शाळांत परीक्षेची तारीख आधी ठरते आणि बाकीच्या गोष्टी तिच्या मागेपुढे जमेल तशा कोंबल्या जातात. मी निकालाच्या तारखेपासून मागे येतो. गुणपत्रक वाटायचा दिवस, त्याआधी गुण नोंदवून पडताळणं, त्याआधी तपासलेल्यांपैकी नमुन्यादाखल काही उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकाकडून बघून घेणं, त्याआधी तपासणं, मग परीक्षा, छपाई, प्रश्नपत्रिका जमा करणं, संविधान तक्ता (कोणत्या धड्याला, कोणत्या प्रकारच्या प्रश्नांना किती गुण याचा आराखडा), आणि सगळ्यात आधी अभ्यासक्रम गोठवण्याचा दिवस. तुमच्याकडे हा शेवटचा दिवसच ठरलेला नव्हता, म्हणून सहावा धडा आत शिरू शकला.

तपासायला किती वेळ लागतो याचा हिशेब तर कुणी करतच नाही. एका शिक्षकाकडे पाच तुकड्या, प्रत्येकी ४५ मुलं, म्हणजे २२५ उत्तरपत्रिका. एकीला ६ मिनिटं धरली तरी १३५० मिनिटं, साडेबावीस तास. वेळापत्रकात तपासायला चार दिवस, आणि रोज ३५ मिनिटांचे दोन मोकळे तास. एकूण २८० मिनिटं. त्यात ४६ उत्तरपत्रिका होतात, एक तुकडी जेमतेम. उरलेल्या चार तुकड्या घरी, रात्री, डोळे चोळत. अशा वेळी तुमच्या गुणदानाच्या सूचना कितीही नीट असू देत, शंभराव्या उत्तरपत्रिकेला कोण उघडून बघणार?

हा हिशेब मी एकदा बैठकीत फळ्यावर मांडला. त्या सत्रापासून भाषांचे आणि गणिताचे पेपर पहिल्या दोन दिवसांत घेऊ लागलो, म्हणजे जास्त वेळ लागणाऱ्यांना जास्त दिवस मिळतात. आमच्याकडचा हा सर्वांत उपयोगी बदल.

---

नवीनबाई

मी शाळेत सत्राच्या मधेच रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात निरोप आला, "संविधान तक्त्यासह प्रश्नपत्रिका शुक्रवारपर्यंत द्या." संविधान तक्ता शिकताना एकदा परीक्षेपुरता काढला होता, पण या शाळेत तो कोणत्या नमुन्यात हवा, सोप्या-मध्यम-कठीण प्रश्नांचं प्रमाण किती, हे कुणालाच विचारायचं धाडस झालं नाही. सगळे घाईत असायचे. शेवटी कपाटात मागच्या वर्षीची एक फाइल सापडली, तिच्यावर बेतून दिलं. नंतर समजलं की तो नमुना बदलला होता.

कृपया मधेच येणाऱ्यांसाठी एक पान तरी करून ठेवा. मोठी पुस्तिका नको. आपल्या शाळेत वर्षात किती चाचण्या, कशाला किती गुण, तक्त्याचा एक भरलेला नमुना आणि शंका आली तर कोणाकडे जायचं. कोरा नमुना देऊ नका, भरलेलाच द्या. कोऱ्या रकान्यांकडे बघून काही कळत नाही.

---

शाईचीदौत

@नवीनबाई, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. भरलेला नमुना याच आठवड्यात करते.

@उलटगणती, अभ्यासक्रम गोठवण्याचा दिवस लिहून घेतला. पण खरोखर अडचण आली तर? समजा एका तुकडीचे तास बुडाले आणि धडा झालाच नाही?

---

उलटगणती

तर धडा दोन्ही तुकड्यांसाठी कमी करायचा. गोठवल्यानंतर वजाबाकी चालते, बेरीज नाही. आणि वजाबाकीही एकाच व्यक्तीनं जाहीर करायची.

---

जुनाखडू

मी मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, मूळ कागद एकच असावा. फलक, ग्रुप, वही यांवर त्याच्या प्रती असतील, पण खरा कोणता हे सगळ्यांना ठाऊक हवं. आम्ही मूळ प्रतीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात "आवृत्ती ३" आणि तारीख लिहायचो, खाली एका ओळीत काय बदललं ते: "सातवी गणित: धडा ६ वगळला." शिक्षकाला अख्खं वेळापत्रक जुन्याशी ताडून बघावं लागायचं नाही. नवी आवृत्ती लावणाऱ्यानंच जुनी फाडायची, हा नियम. ग्रुपवर फक्त "आवृत्ती ३ लागली, सातवी गणितात बदल" एवढंच. तपशील तिथे लिहिला की तोही एक वेगळा कागद होऊन बसतो.

दुसरी गोष्ट त्या चौघींच्या गुणांची. ताई, मन लावून घेऊ नका. १९१२ साली अमेरिकेत डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड इलियट या दोघांनी इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका अनेक शाळांतल्या शिक्षकांना तपासायला पाठवल्या. १४२ जणांनी त्या तपासल्या. शंभरपैकी एका उत्तरपत्रिकेला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले, दुसरीला ५० पासून ९७ पर्यंत. तेव्हा लोक म्हणाले, भाषेत असं व्हायचंच. पुढच्या वर्षी त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली, तर तफावत आणखी वाढली. पायऱ्यांना गुण द्यायचे की फक्त उत्तराला, अव्यवस्थित आकृतीचे कापायचे की नाही, हे ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवलं होतं. तुमच्या चौघींचं नेमकं तेच झालं. शंभर वर्षांहून जुनं दुखणं आहे हे.

---

तिसरातास

सगळं वाचलं. मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

माझ्याकडे आठवड्याला ३२ तास आहेत. त्यात वर्गशिक्षक. प्रत्येक गोष्ट "समजावून" सांगायची म्हणून बैठका वाढल्या तर आम्ही शिकवायचं कधी? गेल्या सत्रात मूल्यमापनावर तीन बैठका झाल्या. तिन्हीत कुणीतरी सूचना वाचून दाखवल्या, आम्ही ऐकल्या आणि उठलो. त्या मी घरी पाच मिनिटांत वाचल्या असत्या. माहिती कमी पोचते हे खरं, पण तिचा मारा इतका होतो की पोचलेली ओळखता येत नाही, हेही तितकंच खरं आहे. माझ्या विषयाशी आणि इयत्तेशी संबंध नसलेली सूचना माझ्याकडे येऊच नये.

---

शाईचीदौत

@तिसरातास, राग कसला. शेवटची दोन वाक्यं तर मी माझ्या टेबलावर लावून ठेवणार आहे. सगळ्यांना सगळं पाठवणं मला सोपं पडतं, म्हणून मी तेच करत आले. निवडण्याचं काम त्यामुळे ३२ तास असणाऱ्यांच्या माथी गेलं, हे आज समजलं.

बैठकीचं म्हणाल तर वाचून दाखवायच्या बैठका बंदच कराव्यात. पण त्या अपूर्णांकाच्या उदाहरणावर आम्ही चौघी बसलो ती वीस मिनिटं मात्र सोडवत नाहीत. काय झालं ते लिहिते. आधी ठरवलं: सामाईक छेदाला १, दोन्ही अपूर्णांक बदलण्याला १, बेरजेला १. त्या मुलाला २. मग शून्य देणाऱ्या बाईंनीच विचारलं, "आणि एखाद्यानं छेद २४ घेतला तर?" १८/२४ + ४/२४ = २२/२४. गणित बरोबर, पण अतिसंक्षिप्त रूप दिलं नाही. पूर्ण गुण की कमी? प्रश्न उघडून पाहिला तर त्यात अतिसंक्षिप्त रूप मागितलंच नव्हतं. म्हणजे पूर्ण गुण. आणि तसं रूप हवं असेल तर पुढच्या वेळी प्रश्नातच लिहायचं. तपासताना आलेली शंका प्रश्नपत्रिका काढण्यापर्यंत मागे गेली. ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकातून आमच्यापर्यंत आली नसती.

---

तिसरातास

हे पटलं. अशा वीस मिनिटांना मी येईन. सूचना वाचायला येणार नाही.

---

पाटीपेन्सिल

वर सगळे "कधी" आणि "किती" वर बोलताहेत. मला वाटतं शिक्षकांना सर्वांत आधी सांगायला हवं ते "कशासाठी". आमच्याकडे दर पंधरा दिवसांनी छोटी चाचणी असते. काही शिक्षक ती मुलांना कुठे अडतंय हे बघायला घेतात, काही तिचे गुण थेट वार्षिक निकालात धरतात. एकाच चाचणीकडे अशा दोन नजरा. मुलांना तर कळतच नाही की इथे चुकलं तर चालतं की नाही.

आकारिक (शिकत असताना सुधारणेसाठी) आणि संकलित (शेवटी निकालासाठी) मूल्यमापन हा भेद मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये मांडला, तोही मुळात अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासाठी. मुलांच्या शिकण्याला तो नंतर लागू झाला. आज हे शब्द प्रत्येक शाळेच्या कागदावर आहेत, पण वेळापत्रकात चाचणीसमोर "हिचे गुण निकालात धरणार नाहीत" असं स्पष्ट लिहिलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

आणखी एक. रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. काही मुलांना फक्त गुण दिले, काहींना फक्त शेरा, काहींना दोन्ही. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती फक्त शेरा मिळालेल्यांत. दोन्ही मिळालेली मुलं फक्त गुण मिळालेल्यांसारखीच राहिली, म्हणजे गुण दिसले की शेऱ्याचा उपयोग होईना. मी हे वाचल्यापासून पंधरवड्याच्या चाचणीवर आकडा लिहीत नाही. "छेद समान केलास, छान. बेरीज परत करून बघ" एवढंच लिहिते. पण शेजारच्या तुकडीत आकडा लिहितात, म्हणून पालक मलाच विचारतात की गुण का नाहीत. पद्धत ठरवताना सगळे शिक्षक एकत्र नसले की जो नीट करतो तोच एकटा पडतो.

---

सूरपेटी

संगीत शिकवते, आठवड्यातून दोनच दिवस शाळेत असते. सूचना फलक माझ्यासाठी नसल्यासारखाच. गेल्या सत्रात श्रेणी द्यायची शेवटची तारीख मला ती उलटल्यावर कळली. २०० च्या वर मुलांच्या श्रेणी एका दुपारी भरल्या आणि त्या भरताना मनाला लागलं, कारण त्यातल्या काही मुलांचं गाणं मी नीट ऐकलेलंच नव्हतं. कला, खेळ, संगीत यांचं मूल्यमापन प्रत्यक्ष बघून-ऐकून होतं. एका मुलाला तीन मिनिटं दिली तरी एका वर्गाला तीन-चार तासिका लागतात. त्यामुळे आम्हाला तारीख लेखी परीक्षेवाल्यांच्या आधी कळायला हवी.

---

हळुवार

विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करतो. एक गोष्ट राहिली, ती लिहितो.

ज्या मुलाला जादा वेळ किंवा लेखनिक मंजूर आहे, ते वर्गशिक्षकांना माहीत असतं. पर्यवेक्षकाला नसतं. पर्यवेक्षणाची यादी आदल्या दिवशी लागते आणि सकाळी आयत्या वेळी बदलते. मी स्वतः पाहिलंय: घंटा झाली, बाईंनी उत्तरपत्रिका गोळा करायला सुरुवात केली, मुलगा लिहीतच होता. त्यांनी पेपर ओढला. मुलाला २० मिनिटं जादा मंजूर होती. सगळ्या वर्गासमोर त्याला ते सांगायची लाज वाटली, तो काही बोलला नाही.

आता आम्ही प्रत्येक वर्गाच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच एक चिठ्ठी लावतो: बैठक क्रमांक, जादा किती मिनिटं, लेखनिक आहे का. बस. का मंजूर झालं, कोणता आजार, काहीही नाही, पर्यवेक्षकाला त्याची गरज नसते. पर्यवेक्षक कितीही वेळा बदलू दे, गठ्ठा ज्याच्या हातात त्याला कळतंच.

---

जुनाखडू

@हळुवार, फार चांगलं. ज्या क्षणी गरज आहे त्या क्षणी, ज्याच्या हातात काम आहे त्याच्याकडे. आवृत्ती क्रमांकाच्या माझ्या पद्धतीत हे नव्हतं. मला वाटायचं लोक येऊन वाचतील.

---

पालकनजर

मी शिक्षक नाही, पालक आहे. फक्त एवढंच विचारते: शिक्षकांना ठरलेली गुणदान योजना पेपर झाल्यावर आम्हाला आणि मुलांना दाखवता येईल का? उत्तरपत्रिका घरी येते तेव्हा लाल आकडा दिसतो, तो कुठून आला ते समजत नाही. मूल विचारतं आणि आम्ही गप्प बसतो.

---

शाईचीदौत

@पालकनजर, यायला हवी. ठरलेली योजना लपवण्याचं कारण मला तरी दिसत नाही. बैठकीत मांडते.

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. या सत्रापुरतं काय करणार ते लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. वेळापत्रकाची मूळ प्रत एक, तिच्यावर आवृत्ती आणि बदललेली ओळ. प्रत्येक चाचणीपुढे गुण निकालात धरणार की नाही, हा एक रकाना. आठवड्यातून दोन दिवस येणाऱ्यांना मी स्वतः फोन करणार. गठ्ठ्यावर चिठ्ठी. तपासण्याच्या तासांचा हिशेब मुख्याध्यापकांपुढे मांडणार, तो मान्य होईल की नाही माहीत नाही. आणि सूचना वाचायची बैठक रद्द करून त्या जागी विषयवार वीस मिनिटं, नावं झाकलेली तीन उत्तरं मधे ठेवून. रजेवर असेल त्याच्यासाठी तीच तीन उत्तरं पाकिटात, त्यानं आपले गुण लिहून द्यायचे आणि मग आमच्याशी ताडून बघायचे. सहीच्या जागी ते गुण.

भाषेच्या शिक्षकांसाठी मात्र अडलेय. निबंधाला पायऱ्या नसतात. तिथे तीन उत्तरं कशी निवडावीत?

---

पाटीपेन्सिल

एक उत्तम, एक कमकुवत असं घेऊ नका, त्यावर सगळ्यांचं एकमत होतंच. मधले तीन घ्या. एक अशुद्ध पण स्वतःच्या अनुभवातून आलेला, एक शुद्ध पण पाठ केलेला, आणि एक विषय सोडून भरकटलेला पण सुंदर लिहिलेला. वाद होईल, वीस मिनिटं पुरणार नाहीत. आमच्याकडे पहिल्यांदा पाऊण तास लागला आणि पाठ केलेल्या निबंधाला किती द्यायचे ते अजून पूर्ण मिटलेलं नाही. निबंधाच्या प्रती काढताना नावाबरोबर तुकडीही झाका. अक्षर ओळखीचं असेल तर सरळ टाइप करून घ्या.

---

शाईचीदौत

टाइप करून घेते. शनिवारी बसतोय. काय झालं ते इथे येऊन लिहीन.